ओळखवहीचे सहाशे रकाने

कराडच्या दत्त चौकात फरीदा मुलाणीचं टॅबचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "सगळ्यात भारीतला कुठला?" आणि फरीदा चष्मा कपाळावर सरकवून सांगायची, "भारीतला मागच्या कपाटात आहे, पण तो अजून कुणालाच लागलेला नाही. तुम्ही बसा आणि करायचंय काय ते सांगा."

दोन हजार त्रेचाळीस सालापर्यंत टॅबचे इतके प्रकार निघाले होते, की माणसाला त्याच्या गरजेचा टॅब निवडून देणं हा वेगळा धंदाच झाला होता. बांधावर भर उन्हात दिसणारा टॅब निराळा, हात थरथरणाऱ्यांचा निराळा. भजनी मंडळाचा एक होता, तो गाणाऱ्यांची ओळ ऐकून आपणच पान उलटायचा. एवढं असूनही लोक नाकापेक्षा मोती जड असा टॅब हट्टाने घेऊन जायचे आणि महिन्याभरात तोंड पाडून परत यायचे. फरीदा त्यांना चहा पाजायची, एका शब्दाने टोचायची नाही आणि टॅब बदलून द्यायची. दुकान चालायचं ते त्यामुळेच.

वैजयंता डुबल नवऱ्याला रिक्षातून घेऊन आली, तेव्हा दुकान उघडलंही नव्हतं. दोघं पायरीवर बसून राहिली. वैजयंता साठीची, अंगणवाडीत तीस वर्षं सेविका म्हणून राबून निवृत्त झालेली. नवरा उत्तमराव, कराड स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांच्या घोषणा स्वतःच्या तोंडाने करणाऱ्यांच्या शेवटच्या पिढीतले. "कराडहून पाटण, कोयनानगरमार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे," एवढं त्यांनी म्हटलं की बायाबापड्या मान वर न करताच पिशव्या उचलायच्या.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय बराचसा सुधारला, हात थोडा सुधारला, बोलणं काही परत आलं नाही. समोरचा काय म्हणतो ते सगळं समजायचं. आपल्याला काय म्हणायचंय तेही आत तयार असायचं. पण शब्द ओठापर्यंत यायचा रस्ताच खचला होता. "हां" आणि "न" एवढंच बाहेर यायचं, आणि तेही कधी कधी उलटंसुलटं.

"कॉलेजला असताना तुमच्या आवाजावर गाडी पकडलीय मी, काका," फरीदा म्हणाली. उत्तमराव डाव्या गालाने हसले.

तिने त्यांच्यापुढे एक मोसंबं ठेवलं आणि उचलायला सांगितलं. कुठला हात पुढे येतो, नजर आधी कुठे जाते, हे ती बघत होती. मग तिने काउंटरवर तीन टॅब मांडले. तिन्ही दिसायला सारखे, ताटाएवढे, कडेला अंगठ्यासाठी रबरी पट्टी.

"काकी, नीट ऐका. हे टॅब मनातलं वाचत नाहीत. तसं सांगणारा दुकानदार भेटला तर सरळ पायरी उतरायची. आपण शब्द उच्चारायच्या आधी आपलं अंग हलतं. चहा म्हणायचं असेल तर डोळा स्वयंपाकघराकडे जातो, बाहुली जरा मोठी होते, अंगठ्याचा दाब बदलतो. कॅमेरा ते डोळ्यातलं बघतो, ही पट्टी अंगठा मोजते. जीभ अडली तरी ह्या खुणा शाबूत असतात. फक्त खूण असते चिमूटभर. बाकीचं मूठभर अंदाजानं भरावं लागतं. कुणी किती अंदाज करायचा, त्यावर हे तीन प्रकार."

पहिला प्रकार वाट बघणारा. तो चार शब्द समोर मांडायचा, माणसाने एक निवडला की तेवढाच बोलायचा आणि पुन्हा चार मांडायचा. एका वाक्याला पाच मिनिटं लागतील, नाहीतर पंधरा. दुसरा अर्धं वाक्य मिळालं की उरलेलं पुरं करायचा. तिसरा पुढे धावणारा. नजरेची नुसती झुळूक लागली की तो अख्खं वाक्य त्या माणसाच्याच आवाजात बोलून टाकायचा. पट्टी दाबली की थांबायचा. मात्र त्याला त्या माणसाची ओळख पुरती करून द्यावी लागायची. त्यासाठी सहाशे प्रश्नांची ओळखवही असायची. कुठल्या वेळी हा माणूस काय म्हणतो, कसं म्हणतो, ते त्यात भरायचं.

"मी काकांना पहिला सुचवीन," फरीदा म्हणाली. "त्यांचं डोकं शाबूत आहे, फक्त त्यांना वेळ द्यायला हवा. काका, तुम्हाला कुठला बरा वाटतो?"

उत्तमरावांनी डावा अंगठा पहिल्या टॅबवर ठेवला.

"अहो, त्यात एका वाक्याला दिवस जाईल," वैजयंता म्हणाली. ते तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी अंगठा उचलला.

तिला आवाज हवा होता. आठ महिने घरात भांड्यांचा आणि पंख्याचा सोडून आवाज नव्हता. आणि खरं सांगायचं, तर त्याच्या आधीही फार नव्हता. दिवसभर माइकवर बोलून आलेला माणूस घरी तोंड उघडायचा तो जेवायला. निवृत्त झाल्यावर तरी घरात बोलेल म्हणावं, तर रोज संध्याकाळी हे स्टँडच्या बाकड्यावर जाऊन बसायचे. स्टँड ही आपली सवत आहे, असं ती शेजारणींना हसत सांगायची. सांगून झाल्यावर एकटीच आत जाऊन बसायची. सदतीस वर्षं तिला त्या आवाजाची आस होती, आणि तो अख्ख्या तालुक्याने ऐकला होता.

तिने तिसरा टॅब घेतला. स्टँडच्या संगणकात उत्तमरावांच्या बारा वर्षांच्या घोषणा साठवलेल्या होत्या, त्यावरून आवाज बनवणं सोपं होतं. ओळखवही घरी भरून आणायची होती.

पहिले दोन दिवस दोघं मिळून भरत होती. ती प्रश्न वाचायची, उत्तर सुचवायची, ते मान हलवायचे. झोपेतून उठल्यावर काय म्हणता? "किती वाजले." भाजी अळणी झाली तर? काही म्हणत नाही, मीठ घेतात. दीडशे प्रश्न असे झाले. मग उत्तमराव दमायला लागले, ऐकता ऐकता त्यांची मान कलायची. ती त्यांच्या पायांवर चादर घालायची आणि एकटीच पुढे भरत बसायची.

प्रश्न क्रमांक एकशे छप्पन्न असा होता: बायकोचं कौतुक करताना तुम्ही काय म्हणता?

अंगणवाडीत तीस वर्षं तिने एक गोष्ट पाळली होती. रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे तक्ता परत, पुन्हा हेलपाटा. एखादं पोर वजनाच्या दिवशी आजोळी गेलेलं असलं तर मागच्या महिन्याच्या अंदाजाने वजन टाकायचं, पोर धडधाकट आहे हे आपल्याला ठाऊक असतंच. त्यात तिला कधी पाप वाटलं नाही. एकशे छप्पन्नच्या रकान्याकडे ती बराच वेळ बघत बसली. मग तिने लिहिलं, "तुझ्या हाताला चव आहे हं, वैजू."

वैजू असं तिला माहेरी म्हणत. उत्तमराव तिला "अगं" म्हणत, सदतीस वर्षं.

एक भरला की पुढचा सोपा जातो. नवीन साडी दिसली तर? "रंग खुलतोय तुला." कुणाशी भांडण झालं तर? "तुझंच बरोबर होतं." प्रश्न चारशे बारा: निवृत्तीनंतर कामाच्या जागेची आठवण येते का? तिथे तर तिने विचारही केला नाही. "नाही. आता हिच्याजवळ बसावंसं वाटतं." तिसऱ्या दिवशी सहाशे रकाने भरले. एकही रिकामा नव्हता.

टॅब पहिल्यांदा बोलला तेव्हा ती चपाती लाटत होती. "वैजू, चपातीचा वास इथपर्यंत येत आहे," असं त्याच आवाजात, स्टँडच्या त्याच चालीत, शेवटचा शब्द जरा लांबवून. जणू चपाती फलाटावर लागत होती. ती हसली आणि लाटणं हातात घेऊन रडली. बाहेर येऊन बघते तो उत्तमराव टॅबकडे चकित होऊन बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. अंगठा पट्टीवर होता, पण त्यांनी दाबला नाही.

पुढचे तीन महिने वैजयंता हवेत होती. ठेवणीतल्या साड्या बाहेर निघाल्या. सकाळी टॅब विचारायचा, "रात्री झोप लागली ना?" दुपारी म्हणायचा, "फार करतेस तू सगळ्यांचं." ती त्याला उत्तरं द्यायची, लाजायची, खोटं खोटं रागवायची. उत्तमराव गप्प बसून तिचा चेहरा निरखायचे. ती वाक्यं आपणच लिहिली आहेत हे ती विसरली नव्हती. पण खूण तर त्यांच्या डोळ्याचीच आहे ना, असं ती मनाशी म्हणायची. चहा हवा म्हणून नजर स्वयंपाकघराकडे गेली, की टॅब तेवढ्या खुणेवर तिचं कौतुक करायचा. हे तिला कळत होतं, आणि कळूनही तिला ते हवं होतं.

बाजीराव पाटसुते आले तो बुधवार होता. हे उत्तमरावांचे जिवलग मित्र, चिपळूण गाडीवर वीस वर्षं ड्रायव्हर होते. कोकणात लेकीकडे राहून परत आले ते थेट इकडेच.

"वैनी, च्या टाका. आणि उत्तमा, उद्या गुरुवार. उद्यापास्नं दर गुरुवारी तुला रिक्षात घालून स्टँडवर नेणार. आपल्या बाकड्यावर बसू, चार गाड्या बघू. काय म्हणतोस मर्दा?"

उत्तमरावांचे डोळे लकाकले. ते पुढे झुकले, अंगठा पट्टीवर थरथरला, आणि टॅब बोलला, "नको बाजीराव. स्टँडची आता आठवण येत नाही. हिच्याजवळ बसावंसं वाटतं."

उत्तमरावांनी पट्टी दाबली. टॅब थांबला. त्यांनी पुन्हा बाजीरावांकडे पाहिलं, आणि टॅबने नवं वाक्य काढलं, "खरं सांगतो, घरातच बरं वाटतं." त्यांनी पुन्हा दाबलं. "न," ते तोंडाने म्हणाले. "न, न." कपाळावर घाम आला होता.

"असू दे, असू दे," बाजीराव म्हणाले. "माणसाला उतारवयात घर गोड लागतं. चांगलं हाय गड्या. मी नाही त्रास देत." कपातला चहा अर्धा ठेवून ते उठले. उत्तमरावांनी डाव्या हाताने टॅब जोरात ढकलला, तो टेबलाच्या कडेला जाऊन थांबला. बाजीरावांना वाटलं, मित्राला भरून आलंय. वैजयंता किटली घेऊन तशीच उभी होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिला आरपार कळलं होतं. तरी तिने बाजीरावांना जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या दारी कपडे वाळत घालून आली, तर उत्तमराव उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसले होते. पायात चपला होत्या. उजव्या पायातली त्यांनी एका हाताने कशी चढवली असेल देव जाणे, बंद उलटा बसला होता. गुरुवार होता. बाजीराव येणार नव्हते, आणि ते रस्त्याकडे बघत बसले होते. मांडीवरचा टॅब स्टँडच्या चालीत म्हणाला, "आज हवा छान आहे, वैजू. तुझ्या हातचा चहा घेऊ."

वैजयंताने टॅब बंद केला. मग खाली बसून तिने आधी त्यांच्या चपलेचा बंद सरळ केला. "चुकलं माझं," ती म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात कसला होता, माफीचा की नुसता आधाराचा, ते तिला कळलं नाही.

तासाभरात दोघं दुकानात होती. फरीदाने ओळखवही पडद्यावर उघडली आणि खाली खाली जात राहिली.

"काकी, ह्यातली काकांची उत्तरं किती?"

"दीडशे असतील."

"आणि बाकीची?"

"माझी." वैजयंता मान खाली घालून म्हणाली. "त्यांनी मला काय म्हणावं, ते लिहीत गेले."

फरीदाने चष्मा पुसला. "माझ्याकडे येणारी निम्मी माणसं हेच करतात. टॅब दुसऱ्यासाठी घेतात आणि गरज स्वतःची सांगतात. तुमची गरज काही खोटी नव्हती, काकी. फक्त ती काकांच्या तोंडात घातलीत." तिने पहिल्या प्रकारचा टॅब काढला. "ह्याला ओळखवही नाही, काकांचा आवाजही नाही. पहिल्या दिवशी चाळीसच शब्द असतील. लागेल तसा एकेक शब्द तुम्ही घालायचा. निवडायचा मात्र काकांनी, मधे सुचवायचं नाही. काका, चालेल?"

"हां," उत्तमराव म्हणाले.

"आणि तो जुना? पुसू?"

वैजयंताला म्हणावंसं वाटलं, थांब, एकदा ऐकू दे. नुसतं नाव घेऊ दे त्याला माझं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुसा."

त्याच संध्याकाळी तिने बाजीरावांना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून हसू आलं. "तरीच वैनी. मी म्हणालो, ह्यो एवढं गोड कवापास्नं बोलाय लागला? येतो गुरुवारी."

गुरुवार सुरू झाले. उत्तमराव स्टँडवरून आले की त्यांच्या चेहऱ्यावर तकाकी असायची. पण टॅबवर दिवसाला दहा शब्द झाले तर खूप. "पंखा." "पाणी." "गाडी." "उशीर." घर पुन्हा गप्प झालं. वैजयंता ठेवणीतली साडी घडी करून ठेवताना थांबायची, कुणी रंगाबद्दल बोलतंय का, म्हणून कान द्यायची. दुधाची तहान तिने ताकावर भागवली होती आणि आता ताकही उरलं नव्हतं. त्या पुसलेल्या आवाजासाठी ती मेलेल्या माणसासाठी झुरावं तशी झुरत होती, आणि ज्याचा आवाज तो माणूस समोर बसलेला होता. हे कुणाला सांगायचं?

पावणेतीन महिने गेले. टॅबमध्ये तिने तीनशेच्या वर शब्द घातले. एका दुपारी ती उत्तमरावांना जेवायला वाढून, मागचं आवरून, त्यांच्यासमोर कोथिंबीर निवडत बसली होती. ते बराच वेळ टॅबवर वाकले होते.

"त्याचं," टॅब म्हणाला. मग किती तरी वेळाने, "बोलणं." आणि मग, "बरं."

"कुणाचं?" तिने विचारलं. विचारायला नको होतं, तिला कळलं होतं. त्यांनी जुना टॅब जिथे ठेवलेला असायचा त्या तिवईकडे बोट केलं.

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. "परत आणू? फरीदा देईल."

"न," ते तोंडाने म्हणाले, आणि या वेळी ते बरोबर आलं होतं.

पुन्हा ते वाकले. चार शब्द आले, गेले. आणखी चार. शब्द सुचवायला तिची जीभ शिवशिवत होती, पण ती दात दाबून बसली. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, शेजारच्यांचा कुकर तीनदा वाजला.

"मला," टॅब म्हणाला.

ती थांबली.

"शिकव."

वैजयंताने त्यांच्याकडे पाहिलं. तीन महिने रोज त्यांनी ती वाक्यं ऐकली होती आणि प्रत्येक वाक्याला तिचा चेहरा कसा होतो ते पाहिलं होतं. म्हणून घरात दोघंच असताना त्यांचा अंगठा कधी पट्टीवर दाबला गेला नव्हता. या बाईला हे हवं होतं आणि आपल्याला ते कधी आलंच नाही, हे त्यांना त्या टॅबने सांगितलं होतं.

"या वयात आता काय शिकणार तुम्ही," ती म्हणाली, पण तिचा आवाज फाटला.

ते वाट बघत होते.

काय शिकवायचं? रकान्यात लिहिणं सोपं होतं, कागदाला तोंड नसतं. समोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून तिने सदतीस वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं. कौतुक, साडी, वैजू, सगळं तिच्या मनात येऊन गेलं आणि त्यातलं काहीच जिभेवर येईना. आलं ते भलतंच. इतकं साधं, की ओळखवहीतसुद्धा लिहायचं तिला सुचलं नव्हतं.

"मला कधीतरी विचारा," ती कोथिंबिरीकडे बघत म्हणाली, "मी जेवले का ते."

उत्तमरावांनी मान हलवली आणि टॅब तिच्यापुढे केला. तो शब्द त्यात नव्हता. तिने पदराला हात पुसले, शब्द घातला आणि टॅब परत दिला.

"तू," टॅब म्हणाला.

ती बसून राहिली. ऊन खिडकीच्या गजांवरून फरशीवर उतरलं.

"जेवलीस."

टॅबला प्रश्नाचा सूर आला नाही. उत्तमरावांनी डोकं वर केलं, आणि प्रश्न त्यांनी भुवयांनी विचारला.

साडेतीन वाजले होते. स्वयंपाकघरात तिचं ताट झाकून ठेवलेलं होतं, रोज असतं तसंच.

"नाही," वैजयंता म्हणाली. "अजून नाही."

उत्तमरावांनी टॅब बाजूला ठेवला आणि डाव्या हाताने शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढायला सुरुवात केली.